मलप्पाची हाळी

विरूपाक्षने तिन्ही सुरुंगांच्या वाती पेटवल्या, दोराला धरून तो विहिरीबाहेर आला आणि सवयीप्रमाणे तोंड घट्ट मिटून घेतले. हाळी द्यायचे काम साखराबाईचे. शेत तिचे, विहीर तिची. लाल फडके घेऊन ती गाडीवाटेच्या बाजूला उभी होती आणि जीव तोडून ओरडत होती, "सुरुंग हाय वोऽऽ, पुढं येऊ नका!" पावसाने यंदाही तोंड फिरवले होते. नायगावच्या शिवारात ज्याला त्याला विहीर खोल करून हवी होती आणि स्वतःला लोह्याचा व्यंकट म्हणवणारा हा गडी कामाला वाघ होता. पण हाळी द्यायची वेळ आली की याचा घसा बसलेला. साखराबाई त्याला चेष्टेने मुका जावई म्हणायची.

घसा चांगला ठणठणीत होता. पण त्यातून निघणारी हाळी त्याच्या बापाची होती, मलप्पा सुरुंगवाल्याची. उदगीरपासून निलंग्यापर्यंत ज्याच्या रानात विहीर आहे, त्या प्रत्येकाने ती कधी ना कधी ऐकलेली होती. ती दिली की व्यंकट संपला आणि विरूपाक्ष सापडला.

शेजारचा जिल्हा नवानवा झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही नीट वाळला नव्हता, तेव्हा तिथल्या एका बसस्टँडवर स्फोट झाला. माणसे गेली. कुणी म्हणे बॉम्ब ठेवला होता, कुणी म्हणे विहिरीसाठी पिशवीतून जिलेटिन नेणाऱ्या एखाद्या अडाण्याच्या हातून घात झाला. खरे काय, ते आजतागायत ठरले नाही. मात्र त्याआधीच विरूपाक्षच्या पेटीतल्या जिलेटिनच्या काही कांड्या चोरीला गेल्या होत्या आणि परवाना जाईल या भीतीने त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्याला ठाऊक होती. पोलिसांच्या तपासात नाव आपलेच निघाले म्हटल्यावर तो पळाला. आणि पळाला तो गुन्हेगार, एवढे तर शेंबड्या पोरालाही कळते.

मातीच्या ढिगाऱ्याआड तो टेकला आणि त्याची नजर ओढ्याकडे गेली. कोरड्या ओढ्यातून दोन पोलीस सरळ विहिरीकडे येत होते. पकडायला नव्हे. धाकट्याच्या खांद्याला पाण्याची रिकामी पिशवी लोंबत होती. विहीर दिसली म्हणून बिचारे पाणी मागायला येत होते. वारा उलटा होता. साखराबाईचे ओरडणे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

गप्प बसावे, असे त्याच्या मनात आले. आपण कुठे त्यांना बोलावले? आपल्या पायांनी आले. पण मग बसस्टँडवरची माणसे यानेच मारली असे लोक बोलतात, ते आजपासून खरे झाले असते.

"मागं व्हा! मागं!" तो ओरडला. इतक्या दिवसांचा दाबलेला आवाज. तो ढिगाऱ्यापलीकडेही गेला नाही. धाकट्या पोलिसाने उलट रामराम घातल्यासारखा हात हलवला.

विरूपाक्ष ढिगाऱ्यावर चढला, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि पोटाच्या तळातून बापाची कानडी हाळी आली. मागे सरा, मागे सरा.

"हिंद सरीरीऽऽऽ! हिंद सरीरीऽऽऽ!"

थोरला पोलीस जागीच थबकला. मग धाकट्याची मानगूट धरून त्याने त्याला ओढ्यात लोटले आणि स्वतःही अंग टाकले. एक सुरुंग उडाला, पाठोपाठ दुसरा. ते दोघे होते तिथे दगड पडले.

धुरळा बसल्यावर साखराबाई तांब्या घेऊन धावत आली. धाकटा, ग्यानोबा, उगाचच हसत सुटला होता. मरणातून वाचलेला माणूस हसतो तसा. थोरला हवालदार भीमाशंकर मात्र तांब्या हातात धरून विरूपाक्षकडे बघत राहिला.

"नाव काय तुजं?"

"व्यंकट. लोह्याचा."

"लोह्यात कानडी हाळी कोन शिकवलं तुला?"

विरूपाक्ष दोर गुंडाळू लागला.

"उदगीरला आमच्या रानात हीर फोडायला मलप्पा यायचा. मी ल्हान होतो. ही हाळी आली की माय मला पदराखाली घ्यायची." हवालदार जवळ आला. "मलप्पाचा पोरगा न्हाईस का तू?"

"हाव."

म्हणायला एवढे सोपे होते ते! विरूपाक्षला हलके वाटले आणि त्याच वेळी रडूही आले.

ग्यानोबाचे हसू विरले. "साहेब, बसस्टँडवाला तो ह्योच?"

"बसस्टँडवर कुनी हाळी दिली नव्हती," भीमाशंकर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"मी असतो तर दिली असती." विरूपाक्षने मान वर केली. "साहेब, एवढं कोर्टात सांगाल का?"

हवालदाराची नोकरी संपत आली होती आणि वरच्यांना काय ऐकायला आवडते हे त्याला पुरते ठाऊक होते. हातातला तांब्या त्याने आधी विरूपाक्षला दिला. तो पिऊन होईपर्यंत थांबला आणि मग त्याच्या हातांत बेडी घातली.

"त्यानंच वाचीवलं की वो तुमाला!" साखराबाई म्हणाली.

"ठावं हाय, माय."

चार पावले गेल्यावर विरूपाक्ष थांबला. आवाज पुरता बसला होता, आता खरोखरच.

"बाई, दोनच उडालेत. एक आत हाय. कुनाला उतरू देऊ नका, कडंला बी येऊ देऊ नका."

"आन आता तो काडंल कोन?"

भीमाशंकरने विरूपाक्षचा दंड धरून त्याला पुढे घेतले.

तिघे ओढ्यात उतरले. एवढ्यात विहिरीपलीकडच्या उतारावरून बाया येताना दिसल्या. सुरुंगाचा आवाज झाला की पाझर फुटला का बघायला गावातल्या बाया घागरी घेऊन धावत, तशा त्या धावत होत्या. साखराबाई फडके हलवत पळाली, पण फार मागे पडली होती. विरूपाक्षने बेडीतले हात तोंडाशी नेले. घशातून नुसती हवा आली.

भीमाशंकरने टोपी काढून ग्यानोबाच्या हातात दिली. ओढ्याच्या काठावर चढून दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"हिंद सरीरीऽऽऽ!"

शेवटचे अक्षर त्याने मलप्पासारखेच लांबवले. बाया थांबल्या.