अकराशे सत्तावीस नंबरचा बिल्ला

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आमचे डॉक्टर नानासाहेब म्हणायचे, "सुलोचना, तुझ्या नाकावर बसायची माशीचीही हिंमत होत नाही." मिलच्या चाळींच्या तोंडाशी त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तिथली एकुलती एक नर्स मी. सुदामा नगरातून रोज लूनावर यायचे.

मिल बंद पडली तेव्हा लोकांचा पगार गेला, विम्याचा दवाखाना गेला, पण खोकला काही गेला नाही. त्याच सुमारास सरकारची टीबीची नवी योजना आली आणि तिच्यात आमच्यासारखे छोटे खासगी दवाखानेही घेतले. गोळ्या फुकट, थुंकीची तपासणी फुकट, आम्हाला ट्रेनिंगही फुकट. अट एकच, की हफ्त्यातून तीनदा पेशंटने येऊन माझ्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. खोटं कशाला बोलू, त्याआधी आम्हीही एकेकाचे तीन-तीन एक्स-रे काढवायचो, टॉनिकच्या बाटल्या लिहून द्यायचो. पैसे संपले की पेशंट गायब, आणि सहा महिन्यांनी तोच पेशंट दुप्पट खोकत दारात. तेव्हा योजना चांगलीच होती.

आम्हाला चाळीस पेशंट मिळाले. जिल्ह्याचे देवेंद्र साहेब ट्रेनिंगमध्येच साफ बोलले, "चाळीसपैकी चौतीस जणांचा कोर्स पूर्ण झाला पाहिजे. नाही झाला, तर तुमचं सेंटर बंद. औषधं मोठ्या हॉस्पिटलातून वाटू." मोठं हॉस्पिटल म्हणजे दोन टेम्पो बदलायचे आणि अर्धा दिवस लाइनीत उभं राहायचं. आमच्या चाळीतलं कोण जाणार होतं तिकडे? घरी बसून मेले असते, पण गेले नसते. मी तिथेच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हे सेंटर मी बंद पडू देणार नाही.

कार्डं लिहायला नानासाहेबांनी चिंतामणरावांना ठेवलं. हे मिलमध्ये बावीस वर्षं टाइमकीपर होते, म्हणजे गेटावर हजेरी घेणारे. माणूस असा की घड्याळाने त्यांच्याकडे बघून आपली वेळ लावावी. कामगार त्यांच्यावर जाम खार खाऊन असायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक लाकडी फळा आणला. डावी बाजू लाल रंगवलेली, उजवी हिरवी, आणि दोन्हीकडे खिळे. मग पिशवीतून पितळी बिल्ले काढले. मिलमध्ये प्रत्येक कामगाराच्या नंबरचा एक बिल्ला असायचा. गेटातून आत शिरलं की आपला बिल्ला लालवरून हिरव्यावर टांगायचा. तो लालवर राहिला, की खाडा.

"इथेही तसंच करू," चिंतामणराव म्हणाले. "गोळ्या गिळल्या की बिल्ला हिरव्यावर. दुपारी एकला जो लालवर दिसेल, त्याच्या घरी मी जाईन."

"हे बिल्ले आणले कुठून?"

"मिलमधून."

"विचारून आणलेत?"

ते चष्मा पुसत बसले. पुढे मला कळलं, मिलला टाळं लागलं त्या दिवशी या माणसाने सगळे बिल्ले पिशवीत भरून घरी आणले होते. आयुष्यातली पहिली आणि शेवटची चोरी.

फळा मात्र चालला, पक्का चालला. लोकांना आपला जुना नंबर दिसला की ते ताठ उभे राहायचे. बायकांनी नवऱ्यांचे नंबर घेतले. तरी मार्चपर्यंत सहा जण गळाले. तिघे कामाच्या शोधात सुरतेला गेले, दोघांचा पत्ता लागेना, आणि एक बिचारा वारला. राहिले चौतीस, आणि आता एकही सुटून चालणार नव्हतं.

त्याच महिन्यात एका सकाळी चिंतामणराव एकदम खुर्चीवरून उठले आणि पंढरीनाथचं मनगट धरलं. पंढरीनाथ आमचा नियमित पेशंट, भला माणूस.

"एका हातात दोन बिल्ले," चिंतामणराव म्हणाले. "दुसरा कुणाचा?"

दुसरा अकराशे सत्तावीसचा होता, आमच्याच दुसऱ्या एका पेशंटचा, मारुतीचा. मिलमध्ये हा खेळ जुनाच. दोस्ताला उशीर झाला की त्याचाही बिल्ला आपणच हिरव्यावर टांगून द्यायचा. पंढरीनाथने सवयीने तेच केलं होतं.

आणि आता माझं ऐका. मारुतीला भंवरकुआंच्या एका हॉस्टेलवर चौकीदारी मिळाली होती आणि त्याच्या गोळ्या पंढरीनाथच्या हाती मीच देत होते. "नेऊन देतो सिस्टर, क्या फरक पडता है," तो म्हणाला होता आणि मी ऐकलं. तीन हफ्ते, नऊ खुराक. कार्डावर नऊ वेळा माझी सही.

"घेतो ना तो गोळ्या?" मी विचारलं.

पंढरीनाथ खाली बघायला लागला. "डब्यात ठेवतो, सिस्टर. म्हणतो, आता बरं वाटतंय, कशाला पाहिजे झंझट."

पंढरीनाथला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गेल्यावर कार्ड हातात धरून बसले. बिल्ला हिरव्यावर होता, सह्या माझ्या होत्या. गप्प राहिले असते तर चौतीसचे चौतीस, कुणाच्या बापाला कळलं नसतं. हो, आला होता मनात हा विचार.

चिंतामणराव हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, बावीस वर्षांत मी खोटी हजेरी लावली नाही."

"मग मी लावणार आहे का?" मी खेकसले. लाल पेन घेतलं आणि नऊच्या नऊ सह्या खोडल्या. "दोन महिन्यांच्या आत परत आला तर कोर्स पुढे चालू करता येतो. लूनावर मागे बसता येतं ना तुम्हाला?"

भंवरकुआंला हॉस्टेलच्या गेटाशी मारुती टेबल-खुर्ची टाकून बसला होता, पुढ्यात रजिस्टर. मला बघून उठला. माझ्यामागून चिंतामणराव उतरले, तसा परत बसला.

"सिस्टर, तुमची माफी मागतो," तो म्हणाला. "पण या माणसाच्या फळ्यासमोर मी उभा राहणार नाही. माझी पोरगी झाली त्या दिवशी आठ मिनिटं उशीर झाला, तर याने माझा अर्धा दिवस कापला. आठ मिनिटं!"

"अकरा," चिंतामणराव म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. समजूत घालायला आणलेला माणूस भांडण उकरून काढत होता.

पण चिंतामणरावांची नजर टेबलावरच्या रजिस्टरवर गेली होती. "ही लाल शाई कसली?"

"संध्याकाळी आठनंतर येणाऱ्या पोरांच्या नावापुढे. मालकाचा कायदा आहे."

"एखाद्याला काही कारण असलं तर?"

"कारण काय, सगळ्यांकडेच असतं," मारुती बोलून गेला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. रजिस्टर मिटून त्याने त्यावर हात ठेवला.

चिंतामणरावांनी खाकरून घसा साफ केला. "पोरीचं नाव काय ठेवलंस?"

"बारा वर्षांनी विचारताय?"

"त्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं."

मारुतीने रजिस्टर बाजूला सारलं. मग म्हणाला, "श्रिया." आणि लगेच माझ्याकडे वळला. "ते जाऊ द्या सिस्टर. माझी ड्यूटी सकाळी सातला लागते, सुटते रात्री नऊला. तुमचा दवाखाना उघडतो नऊला, बंद होतो एकला. मी काय नोकरी सोडू? ही गेली तर दुसरी कोण देणार आहे?"

त्याचं खरं होतं. ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवलं, पण पेशंट कामावर कधी जातो हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत मीही होतेच की.

"मिल तीन पाळ्यांत चालायची," चिंतामणराव म्हणाले. "दवाखाना एकाच पाळीत का चालतो?"

"कारण नर्स एकच आहे!" मी ओरडले. हॉस्टेलच्या खिडकीतून दोन पोरं डोकावली. मग माझं मलाच हसू आलं. मी म्हटलं, "सहाला उघडते. उद्यापासून. पण मारुती, तू नाही आलास ना, तर या गेटावर येऊन या हॉस्टेलच्या पोरांसमोर तुझा कान धरीन."

"येतो," मारुती म्हणाला. "पण एक अट. यांचाही बिल्ला लागला पाहिजे फळ्यावर. कोण उशिरा येतं ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना मारुती पायरीवर हजर. आणखी एक गंमत झाली. हफ्त्याभरात निम्मे पेशंट सहालाच यायला लागले. सगळ्यांनाच कामं होती, सगळेच आजवर कुठेतरी थाप मारून, कुणाच्या तरी शिव्या खाऊन नऊला येत होते. कुणी तोंड उघडून बोललं नव्हतं, एवढंच.

जूनमध्ये एकदा चिंतामणरावांची सायकल पंक्चर झाली. सहा वाजून चार मिनिटांनी ते धापा टाकत आले, तर मारुती फळ्यासमोर हाताची घडी घालून उभा. चिंतामणरावांचा बिल्ला लालवर.

"कारण?" मारुतीने विचारलं.

"पंक्चर."

"कारण काय, सगळ्यांकडेच असतं."

अख्खा दवाखाना हसला. चिंतामणरावांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खालचे दोन दात नव्हते.

राहिलेले नऊ खुराक भरून मारुतीचा कोर्स ऑगस्टमध्ये संपत आला. थुंकीची तपासणी साफ निघाली. देवेंद्र साहेब आले, एकेक कार्ड बघत गेले आणि मारुतीच्या कार्डावर थांबले.

"या सह्या कुणी खोडल्या?"

"मी. चूक माझी होती," मी म्हटलं. आवाज मोठाच निघाला.

साहेबांनी कार्ड बाजूला ठेवलं, बाकीची मोजली. "चौतीस," ते म्हणाले. "मारुती धरून. आणि पुढच्या वर्षीसाठी साठ पेशंटांची औषधं मागा. सहाच्या वेळेचंही लिहा अर्जात, मला बाकीच्या दवाखान्यांना दाखवायचं आहे." ते गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले. नानासाहेबांनी बाहेरून कडी लावून घेतली, कुणी आत येऊ नये म्हणून.

शेवटच्या खुराकाच्या दिवशी मारुतीने गोळ्या गिळल्या आणि बिल्ला हिरव्यावर टांगला. चिंतामणरावांनी तो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"घरी ने."

"बिल्ला गेटाबाहेर न्यायचा नाही," मारुती म्हणाला. "तुमचाच कायदा."

"गेट राहिलंय कुठं, मारुती?"

मारुतीने बिल्ल्यावरच्या नंबरावरून अंगठा फिरवला. मग शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

"पोरीला दाखव," चिंतामणराव म्हणाले. "आणि रविवारी घरी घेऊन ये तिला, जेवायला. बाराला पान वाढू. अकरा मिनिटं उशीर झाला तरी चालेल."

"आठ," मारुती दारातून म्हणाला. "आठच मिनिटं होती."

या खेपेला चिंतामणरावांनी दुरुस्ती केली नाही.