बिडाचा हात

"पितळेनं भांडी जोडावीत, वहिनी. यंत्रं नव्हेत," दीर म्हणाला आणि तुटलेला बिडाचा हात त्याने तिच्या पायाशी आदळला.

हात समोरच्या बेकरीवाल्याच्या पीठ मळायच्या यंत्राचा. परवा दिरानेच तो वेल्डिंगने जोडून दिला होता आणि आज जोडाच्या अगदी शेजारून तो तुटला. बेकरीवाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला.

नवरा गेल्यापासून थोरली सून घरच्या वर्कशॉपात त्याच्या टेबलावर ब्रेझिंग, म्हणजे पितळेचं जोडकाम, करत होती. दिराच्या डोळ्यांत ती सलत होती. तिचा गॅसचा संच विकून तिथे दुसरं वेल्डिंग मशीन बसवायचा त्याने चंगच बांधला होता. सासऱ्यांनी निवाडा केला, "हा हात तिला करू दे. नाही टिकला तर संच वीक."

"आता शब्द फिरवू नका, बाबा."

पोलाद सोशिक असतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, मातीच्या घागरीच्या जातीचं. एकाच जागी एकदम तापवलं किंवा घाईने गार केलं की तडकलंच. वेल्डिंगमध्ये जोडापुरतं लोखंड वितळतं, शेजारचं थंडच राहतं आणि तिथेच घात होतो. ब्रेझिंगमध्ये लोखंड वितळवायचंच नसतं. सगळा भाग सावकाश तापवायचा, पितळ धरावं म्हणून टाकणखार लावायचा आणि पितळेची कांडी टेकवायची. मग पितळ आपसूक फटीत झिरपतं. निवायलाही तितकाच वेळ द्यावा लागतो.

थोरली जुनं वेल्डिंग घासून काढू लागली.

"अजून घासताच आहात?" दीर म्हणाला.

"तुमचंच काम काढतेय, भाऊजी. निघता निघत नाही. घरच्या माणसांसारखं चिवट आहे."

सासरे खोकल्याआड हसले. दिराने ते पाहिलं आणि तो पाय आपटत जेवायला गेला.

भंगारात याच यंत्राचा आधीचा मोडका हात पडला होता. तिने आधी त्यावर सराव केला आणि तो सावकाश निवायला राखेच्या पेटीत पुरला. मग खरा हात जोडला. पितळ फटीतून पलीकडे डोकावलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. पेटीत दुसऱ्याला जागा नव्हती. बेकरीवाल्याची भट्टी नुकतीच विझली होती, आतून अजून चांगली तापलेली. तिने हात गरम वाळूच्या घमेल्यात घालून तिकडे नेला, भट्टीत ठेवला आणि दार लावून घेतलं.

ती परतली तेव्हा दीर पेटीशी ओणवा होऊन सांडशीने राख उकरत होता.

"राहू द्या, भाऊजी. गरम आहे अजून."

"बघू तरी काय दिवे लावलेत."

"राहू द्या म्हटलं ना."

गरम तुकडा हाती आला की तो बादलीत बुडवायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची खोड. आजही त्याने तेच केलं. पाणी चरचरलं आणि आतून टण आवाज आला. त्याने तुकडा वर काढला. आरपार तडा.

"बघा, बाबा. सुनेची कारागिरी. उद्याच गिऱ्हाईक आणतो संचाला."

सासऱ्यांनी तडा पाहिला, मग बादली पाहिली.

"तो सरावाचा होता," थोरली म्हणाली. "खरा समोरच्या भट्टीत निवतोय."

दिराचं तोंड लाल झालं. "मग आधी बोलायला जीभ झडली होती?"

"दोनदा सांगितलं, राहू द्या. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?"

"मला तोंडघशी पाडायला मुद्दाम ठेवलात तो."

तिने उकरलेली राख पेटीत सारखी केली. मुद्दाम ठेवला नव्हता. पण बादलीकडे वळलेला त्याचा हात दिसला तेव्हा तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं नव्हतं, हेही खरं.

सकाळी समोर यंत्र घरघरू लागलं. बेकरीवाल्याने दारातून नुसती मान हलवली. सासरे म्हणाले, "संच राहील." दिराने बादली लाथेने उलथवली. पाणी तिच्या टेबलाखाली पसरलं. ते पुसायला कोणी उठलं नाही.

त्या दिवसापासून घरी जाताना ती सिलिंडरची चावी कमरेला खोचून नेऊ लागली.