रानगाढवांपायी

विहीर आटली तेव्हा सांबूने सगळा दोष रानगाढवांच्या माथी मारला. खरं तर पावसानेच तोंड फिरवलं होतं, पण पावसाला मोटरसायकलवरून हाकलता येत नाही. खुलान, म्हणजे गोबीच्या वाळवंटातली ही रानगाढवं, त्यांना मात्र येतं. तेव्हा रोज सकाळी मिठाचा चहा घशात ओतला की म्हातारा फटफटी काढायचा आणि कोरड्या नदीच्या पात्रात उतरलेले खुलान पार टेकड्यांपलीकडे पिटाळून यायचा. परतताना रुबाब असा, की मोठा मुलूख मारून आलाय.

"पळवलीस का गाढवं?" त्याची बायको खांडा विचारायची.

"सगळी."

"एक राहिलं वाटतं," असं म्हणून ती चुलीत वाळलं शेण सारायची.

सांबू मनाला लावून घ्यायचा नाही. सगळा जन्म या जिभेशी संसार केलेला.

नदी म्हणायची ती नावालाच, एरवी नुसती वाळू. पण त्या वाळूत जागोजागी पाण्याचे खड्डे असत आणि उन्हाळाभर सांबूच्या शेळ्या तिथे पीत. खड्डे कुठून येतात असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. बापाच्या काळापासून होते, म्हणजे असणारच. खुलान गेले, वाऱ्याने ते खड्डे वाळूने भरून टाकले आणि नवे काही पडेनात. सांबूने फावडं घेऊन कमरेइतकं खणलं. कोरडं. पुढच्या वळणावर खणलं, तर कडा ढासळून फावडंच आत गेलं. तो घामाघूम होऊन गेरमध्ये, म्हणजे आपल्या गोल तंबूत, परतला आणि टोपी आपटून खाली बसला.

"अरे म्हाताऱ्या, आजवर ते खड्डे कोण खणत होतं? मी?" खांडा म्हणाली. "खुलानांच्या माद्या खुरांनी उकरतात. पाणी कुठे वर आलंय ते त्यांच्या नाकाला कळतं. आपण त्यांचं उष्टं पितोय इतकी वर्षं."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते की. तू फटफटीला किक मारत होतास."

पाणी असतं म्हणून खुलान येतात, असं सांबू धरून चालला होता. खुलान येतात म्हणून पाणी असतं, हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं, आणि शिरलं ते चांगलंच बोचलं.

शेळ्यांची धार आटत चालली होती. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीचा निरोप येऊन पडला होता: पाणी नसेल तर शेळ्या विकून टाका आणि आमच्याकडे या. मुलगी मायेची, जावईही भला माणूस. पण सांबू एक हिवाळा तिथे काढून आला होता. त्या घरात त्याला बसायला मऊ खुर्ची होती आणि करायला काही म्हणजे काही नव्हतं. वसंतापर्यंत आपण जिवंत आहोत की नाही, याचीच त्याला शंका यायला लागली होती.

त्याने फटफटीवर गोणपाट टाकलं आणि वाट बघायला लागला. खुलान दूरच्या कड्यावर यायचे, गेरचा धूर बघायचे, कुत्र्याचं भुंकणं ऐकायचे आणि मागे वळायचे. रोज तेच. शिकवण त्यांना त्यानेच दिली होती, आणि ते चांगले विद्यार्थी निघाले.

"गेर उचलू," एका सकाळी सांबू म्हणाला. "टेकडीपलीकडे जाऊ. आपण दिसलो नाही तर येतील."

माणसं गवतासाठी हलतात, पाण्यासाठी हलतात, पोरांच्या शाळेसाठी हलतात. रानगाढवांना संकोच वाटतो म्हणून बापजाद्यांची जागा सोडणारा अख्ख्या गोबीत कोणी झाला नव्हता. खांडा उठली आणि गेरचे दोर सोडायला लागली.

उंटांवर सामान चढलेलं शेजारच्या लुव्सनने लांबून पाहिलं. मुक्काम हलवणाऱ्यांना वाटेत चहा नेऊन द्यायचा, ही रीतच. तो किटली आणि वाळल्या दह्याचे खडे घेऊन हजर.

"कुठे निघालात, सांबू-गुआई?" त्याने वडीलकीचा मान देत विचारलं.

"हे इथेच. टेकडीपलीकडे."

"तिथे तर नुसते दगड आहेत!"

"दगड असू देत."

"पण का?"

सांबू चहावर फुंकर मारत राहिला. वाळू फार उडते, पिसवा झाल्यात, काहीही सांगता आलं असतं.

"खुलानांना आमच्यासमोर पाणी प्यायला अवघडतं," खांडा म्हणाली.

लुव्सन इतका हसला की चहा त्याच्याच बुटात सांडला. "म्हणजे गाढवांनी तुम्हाला हाकललं!"

"हाकललं," सांबू म्हणाला. "आणि तेही फटफटीशिवाय."

टेकडीपलीकडे लांबून आणलेलं डब्यातलं पाणी वाटीवाटीने शेळ्यांना द्यावं लागलं. पाणी तळाला गेलं त्या सकाळी सांबू दुर्बीण घेऊन कड्यावर पालथा पडला होता, आणि खुलान पात्रात उतरले. पुढे एक वयस्क मादी, नाक वाळूला लावून. नर काठावरच थांबून मागची वाट न्याहाळत होता. सांबूने खणलेल्या जागेवरून मादी गेली, पण तिथे थबकलीसुद्धा नाही. वळणाच्या आतल्या अंगाला ती उभी राहिली आणि पुढच्या खुराने उकरायला लागली. वाळू उडत राहिली. मग तिने मान खाली घातली, खांद्यापर्यंत दिसेनाशी झाली, आणि वर आली तेव्हा तोंडातून पाणी गळत होतं.

सांबूला रडू आलं. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि त्यातलं डोळ्यांतून कोणतं वाहतंय याचा त्याने शोध घेतला नाही.

एकेक मादी प्यायली, मग नर. उताराखाली शेळ्यांना पाण्याचा वास लागला होता. सगळा कळप ओरडत होता आणि खांडा मोठ्या बोकडाची शिंगं धरून मागे रेटत होती.

"सोडू का आता? गेले ना ते?"

बरेचसे काठ चढून गेले होते. खड्ड्याशी एक शिंगरू उरलं होतं. ते वाकायचं, तोंड पाण्यापर्यंत पोहोचायचं नाही, बिचकून मागे सरायचं. त्याची आई एका बाजूने कडा उकरून उतार करत होती.

सांबू सरपटत खाली आला आणि तहानेल्या शेळ्यांच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"थांब जरा," तो म्हणाला. "त्यांच्या लेकराचं अजून व्हायचंय."