आईकडची बाजू

“थांबा, थांबा. जरा हळू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण सासूबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. कागदावर वंशावळीसाठी पुरुषाचा चौकोन आणि बाईचा गोल काढायचा होता, आणि सासूबाईंनी एका दमात तीन पिढ्यांचे सोळा चौकोन नि अकरा गोल भरून दिले होते. शिवाय कोणाचं कोणाशी पटत नाही तेही, कोणी न विचारता.

“यांच्यात कोणी उशिरा बोलायला लागलं होतं का?”

“आमच्यात? अहो, आमच्यात बोलणाऱ्याला गप्प कसं करायचं हीच पंचाईत! विचारा याला.”

त्यांचा मुलगा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा. तो बिचारा आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याच्या बायकोच्या खुर्चीला टेकून सहा वर्षांची बिट्टी उभी होती. बिट्टी कोणाचा हात धरत नसे. आईच्या कोपराची मऊ कातडी तेवढी चिमटीत धरून ठेवी. तिला ऑटिझम आहे हे वर्षापूर्वीच कळलं होतं. आता रक्त तपासून आणि घराण्यात आधी असं काही होतं का ते विचारून थोडाफार उलगडा होतो का, ते बघायचं होतं. सासूबाई मात्र आल्या होत्या त्या खोट आपल्या बाजूची नाही हे पटवून द्यायला.

“छान. आता आईकडची बाजू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“माझ्याकडचं कोणी नाही,” बिट्टीची आई म्हणाली. “मी संस्थेत वाढले.”

डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. मग तिच्या गोलाच्या डोक्यावर एक रेघ ओढली आणि वर एक गोल काढला, एक चौकोन काढला. दोन्हींत प्रश्नचिन्ह घातलं. ती बघतच राहिली. चौतीस वर्षांत तिच्या आईवडिलांचं चित्र कोणी काढलं नव्हतं.

रिपोर्टला दोन महिने लागणार होते. कपडे शिवायच्या कारखान्यात बिट्टीची आई शर्टांना काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. काम मोठं जोखमीचं. मशीन आधी कडेने टाके घालतं आणि मग पातं मधोमध कापड कापतं. जागा चुकली की शर्ट वाया. तिची जागा कधी चुकली नव्हती. चुकायची ती मधल्या सुट्टीत. डबे उघडले की बायका आपापली पोरं वाटायला बसत: नाक आत्याचं, राग आजोबांचा, झोप तर थेट मामाची. या वाटणीत काजवालीच्या हाती कधी काही लागत नसे. एकदा न राहवून तिने एक मावशीच तयार केली. सारखी किल्ल्या हरवणारी. मावशी बायकांना इतकी आवडली की पुढचं वर्षभर तिला ताळ्यावर ठेवता ठेवता काजवालीची पुरेवाट झाली. मग कोणीतरी म्हणालं, एकदा घेऊन ये ना गं तिला. तेव्हा मावशीला मारावं लागलं. बायका हळहळल्या. काजवाली घरी येऊन खरोखरच रडली, आणि कोणासाठी ते नवऱ्याला सांगता येईना.

रिपोर्टच्या दिवशी सासूबाईही आल्या.

“एका जनुकात लहानसा बदल दिसतोय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तो आईकडून आलाय. पण नीट ऐका. एवढ्यानेच बिट्टी अशी झाली असं नाही. अशा कितीतरी बारीकसारीक गोष्टी दोन्हीकडून येत असतात, काहींचा अजून आम्हालाही पत्ता नाही. याने हातभार लावला असेल, इतकंच. यात कोणाची चूक नाही.”

नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग माझ्यात कुठून आला?” काजवालीने विचारलं.

“बहुतेक तुमच्या आईकडून, नाहीतर वडिलांकडून. क्वचित नव्यानेही होतो.”

“म्हणजे त्यांच्यातलं कोणीतरी बिट्टीसारखं असेल?”

“असेल. नसेलही. बदल असून काहीच झालं नाही अशी माणसं पुष्कळ असतात. तुम्हीच बघा ना.”

“यावरून शोधता येईल त्यांना?”

“या तपासणीवरून नाही येणार,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

जिना उतरताना नवरा म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस.” तिने मान हलवली. त्याला कसं सांगणार, की तिला आनंद झालाय आणि त्या आनंदाची लाज वाटतेय? सगळे तिला दोषातून सोडवायला धडपडत होते, आणि तिला सुटायचंच नव्हतं. कोणीतरी तिला काहीतरी दिलं होतं. तिने ते जपून पुढे पोरीला दिलं होतं.

पुढचे दोन दिवस सासूबाई बोलल्या नाहीत. त्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. आता टोमणा येणार, उद्या येणार, म्हणून काजवाली अंग चोरून वावरत होती. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. बिट्टी उंबरठ्यावर उन्हात पाय सोडून बसली होती.

“तुला संस्थेत आणून कोणी सोडलं गं?” सासूबाईंनी विचारलं. लग्नाला आठ वर्षं झाली, हे कोणी विचारलं नव्हतं.

“एका गृहस्थांनी. नाव नाही सांगितलं. फायलीत एवढंच आहे.”

“आईनं नाही?”

“नाही.”

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मी दोन दिवस तोच विचार करतेय. समज, तुझी आई आपल्या बिट्टीसारखी असली. मनातलं सांगता येत नाही, कोणाच्या नजरेला नजर देत नाही. त्या काळात कोणाला काय कळत होतं? अशा बाईजवळ बाळ ठेवलं असतं कोणी?” त्यांनी अभ्रा बाजूला ठेवला. “तिनं टाकलं नसेल गं तुला. तिला कोणी विचारलंच नसेल.”

काजवालीचे हात थांबले. लहानपणापासून तिने तो प्रसंग शंभर वेळा मनात रचला होता, आणि दर वेळी आई तिला खाली ठेवून, मागे न बघता चालती झाली होती. आज पहिल्यांदाच ती बाई गेली नाही. रिकाम्या हातांनी, शब्द न सापडून, तिथेच उभी राहिली. खरं की खोटं, कळायला काही मार्ग नव्हता. तरी तिच्याकडे धावत जावं, एवढं सांगावं की मी आहे, मला मुलगी आहे, असं काजवालीला इतकं वाटलं की तिला तिथे बसवेना.

ती उठून उंबरठ्याशी गेली. बिट्टीने मान वर केली नाही. थोडी सरकली मात्र, आणि आईला बसायला जागा झाली.