अक्षर कुणाचं?

"या जगात देवाखालोखाल खरं काही असेल, तर ते अक्षर! माणूस खोटं बोलतो, चेहरा खोटं बोलतो, अक्षर कधीही खोटं बोलत नाही!" लेखनिकांनी टेबलावर मूठ आपटली.

"ते झालंच," बायको म्हणाली, "पण मघापासून खण कशाला उपसताय? चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

लेखनिक म्हणजे त्या ज्यू वस्तीत धर्मग्रंथ हातानं उतरवणारे गृहस्थ. चर्मपत्र, पिसाची लेखणी, काळी शाई. प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं उच्चारायचा आणि मगच लिहायचा, असा त्या कामाचा नियम. चाळीस वर्षं ते ऐकून ऐकून शेजारच्या स्वयंपाकघरात बायकोलाही सगळं तोंडपाठ झालं होतं. याचा त्रास लेखनिकांना पुढे व्हायचा होता.

भाषण चाललं होतं ते प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांसाठी. ते समोर बसले होते आणि त्यांनी एक कागद आणला होता. दारातल्या पेटीत सापडलेला. सही नाही, नाव नाही.

लेखनिकांनी चष्मा नाकावर आणला आणि वाचलं. 'आपले धर्मशिक्षक धाकट्या मुलांना मारतात आणि तळघरात कोंडतात. परवा एक मुलगी दोन तास आत होती. आता ती दार लावलेल्या खोलीत झोपत नाही. कुणीतरी लक्ष घाला.'

"हे खरं आहे?" लेखनिकांनी विचारलं.

"मजकूर सोडा हो," अध्यक्ष म्हणाले. "अक्षर कुणाचं ते बोला. चहाडी म्हणजे आपल्यात महापाप, आणि निनावी चहाडी म्हणजे वर भेकडपणा! अर्ध्या वस्तीला लिहायला तुम्ही शिकवलंत. तुम्हालाही नसेल ओळखता येत, तर राहू द्या."

हा शेवटचा बाण बरोबर बसला. लेखनिक कागदावर वाकले. त्यांच्या लिपीत एक अक्षर ओळीच्या वर मान काढून उभं राहतं. इथे ती मान किंचित मागे कललेली होती, कुणी हाक मारल्यावर वळून पाहावं तशी. ती लकब त्यांनी आयुष्यात एकाच विद्यार्थिनीला शिकवली होती. त्यांच्या जिवलग मित्राची, म्हाताऱ्या बाइंडरची मुलगी, आता वस्तीतले कपडे शिवणारी. सात वर्षांची असताना याच टेबलाशी, खुर्चीवर दोन उशा ठेवून बसायची.

"शिवणवाली!" लेखनिक आनंदानं ओरडले.

आधी उच्चारायचं, मग लिहायचं. इथे लिहायची गरजच पडली नाही.

त्यानंतर शिवणवालीला वस्तीत कुणी वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही! बेतायला आलेली कापडं न बेतताच परत गेली. दुकानात ती शिरली की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवत. धर्मशिक्षकांचा मात्र शाल देऊन सत्कार झाला, त्यांच्या मनाला फार क्लेश झाले म्हणून.

महिन्याभरात म्हातारा बाइंडर गेला.

त्यांच्यात मृताच्या घरी सात दिवस संध्याकाळी प्रार्थना होते. मात्र मृतासाठीचे शब्द उच्चारायला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत, साडेनऊ चालत नाहीत. लेखनिक पहिल्या संध्याकाळी गेले. शिवणवालीनं बारा खुर्च्या मांडल्या होत्या. शिवणयंत्र भिंतीशी सरकवून त्यावर चादर टाकली होती. रब्बी, म्हणजे वस्तीचे धर्मगुरू, आले, खालचा घड्याळजी आला, असं करत करत नऊ झाले. मग सगळे जिन्याकडे कान लावून बसले.

अध्यक्षांना पडसं झालं होतं. खजिनदारांनाही. चिटणीसांचं पडसं तर इतकं जुनाट होतं, की ते सातही दिवस टिकलं.

सात संध्याकाळी नऊच माणसं आली. नेमके ते शब्द सोडून बाकीची प्रार्थना करून आपापल्या घरी गेली. शेवटच्या दिवशी लेखनिक मागे राहिले. शिवणवाली खुर्च्या उचलत होती.

"पोरी, तुझं नाव… मी सांगितलं."

"ठाऊक आहे, काका," ती म्हणाली. "दुसरं कोण ओळखणार? तुम्हीच घडवलंत माझं अक्षर. गिचमिड राहिलं असतं तर बरं झालं असतं."

घरी येऊन लेखनिक न जेवता बसले. बायकोनं ताट झाकलं आणि समोर खुर्ची ओढली.

"तिनं नाव का लपवलं, आता कळलं?"

"पण चहाडी करू नये, हे ग्रंथातच आहे गं!"

"आहे ना. आणि त्याच ओळीत पुढे काय आहे? शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना हात बांधून उभं राहू नये. शंभरदा ऐकलंय मी तुमच्या तोंडून. अध्यक्षांनी अर्धी ओळ वाचली आणि तुम्ही वाचू दिलीत!"

लेखनिकांनी झाकलेलं ताट थोडं बाजूला सारलं.

"आणि काय हो, नाव लपवून दान देणाऱ्याला आपल्यात थोर मानतात. मग नाव लपवून खरं सांगणारी चहाडखोर कशी? तिला काय हवं होतं? बक्षीस? ती पोर दार लावून झोपावी, एवढंच ना?"

"मी अक्षर पाहिलं," लेखनिक हळूच म्हणाले. "मजकूर पाहिलाच नाही."

दुसऱ्याच आठवड्यात पेटीत आणखी एक चिठ्ठी निघाली. तेच तळघर, दुसरं मूल. कार्यालयात बैठक भरली आणि अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. "हं, हे कुणाचं?"

लेखनिकांनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला आणि डबी खिशात टाकली.

"माझं!" ते म्हणाले.

"काय थट्टा करता!"

"आजपासून या पेटीत येणारं प्रत्येक पत्र माझं! पेटीची किल्ली माझ्याकडे द्या. प्रत्येक चिठ्ठी मी माझ्या हातानं उतरवीन आणि मूळ कागद जाळीन. समितीपुढे येईल ते माझंच अक्षर. कुणाला वाळीत टाकायचं असेल तर पत्ता ठाऊक आहे तुम्हाला. पण आधी तळघराची कडी काढा!"

रब्बी उठले आणि तळघराकडे चालू लागले. दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या उंचीवर, नखांचे ओरखडे होते. किती, ते कुणी मोजलं नाही.

धर्मशिक्षकांची नोकरी गेली. किल्ली लेखनिकांकडे आली. पण शिवणवालीकडे कापड परत आलं नाही, कारण चूक कळली तरी लाज आडवी येते, आणि लाजलेला माणूस ज्याचं वाईट केलं त्याच्यापासूनच तोंड लपवतो. तिनं दुसऱ्या गावी खोली घेतली.

तर नागरिकहो, तुमच्या कार्यालयात, शाळेत, देवाच्या दारात अशी बिनसहीची चिठ्ठी आली तर आधी मजकूर वाचा, तो खरा की खोटा तपासा, आणि अक्षर ओळखीचं वाटलं तर जीभ आवरा. सांगणाऱ्याचं नाव झाकणं हा त्याच्यावर उपकार नव्हे, आपलं कर्तव्य आहे!

हेच सगळं, याहून भारदस्त भाषेत, लेखनिकांनी पाठ केलं होतं. शिवणवाली गाव सोडून निघाली त्या सकाळी ते तिच्या जिन्यात उभे राहिले आणि डोळे पुसत अर्ध्यापर्यंत बोललेसुद्धा.

शिवणवालीनं ऐकून घेतलं. मग यंत्रावरची चादर काढली.

"बरं काका," ती म्हणाली, "तेवढी ती पलीकडची बाजू धरा. जिना अरुंद आहे."