ब्याऐंशी अंशांवर उघडणारा

मी थर्मोस्टॅट बोलतोय. हो, गाडीतला. हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांना मी गाडीत असतो हेच माहीत नसतं आणि उरलेले म्हणतात, "काढून टाका त्याला, त्याच्यावाचून काही अडत नाही." अडतं! अडतं म्हणून तर आज एका माणसाचा डावा डोळा अधू आहे.

माझा जन्मच मारहाणीतला. कारखान्यातल्या यंत्राने पितळेच्या पत्र्यावर असा दणका घातला की त्याची वाटीच झाली. तिच्यात मेण कोंबलं, वर दांडा खुपसला, झडप बसवली, स्प्रिंग आवळली आणि मला थेट तापत्या पाण्यात बुडवलं. मी कण्हत उघडलो. तपासणारी बाई म्हणाली, "ब्याऐंशी. चोख." बस्स, आयुष्यात एवढंच कौतुक वाट्याला आलं.

माझं काम साधं. इंजिन गार असताना मी दार बंद ठेवतो, म्हणजे ते लवकर तापतं. पाणी ब्याऐंशी अंशांवर गेलं की माझ्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांड्याला रेटतं, झडप उघडते आणि तापलेलं पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. पाणी गार झालं की स्प्रिंग मला थोबाडीत मारल्यासारखी पुन्हा बंद करते. दिवसभर हेच. वरून सगळं शांत, आत सतत रेटारेटी.

मला बसवलं ते दोन भावांच्या टॅक्सीत. सकाळी थोरला चालवायचा, दुपारनंतर धाकटा. इंजिनच्या तोंडाशी अंधारात बसलेला मी, मला दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. थोरल्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग. हॉर्न वाजवणाऱ्याला शिव्या, दार आपटणाऱ्या गिऱ्हाइकाला शिव्या, पंक्चर झालं तर टायरला लाथ. स्टँडवर त्याचं नावच 'भडका' पडलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. मेला! धाकट्याचा आवाज मात्र मी फारसा ऐकलाच नाही. लहानपणापासून दादाच्या हातचा मार खाल्लेला तो, दादा बोलायला लागला की गप्प व्हायचा.

गाडीत पाणी भरायचं झाकण इंजिनवरच, माझ्या डोक्याशी होतं. रोज सकाळी ते उघडून थोरला स्वतः पाणी बघायचा आणि कमी असलं की भरायचा. त्यात दुसऱ्याचा हात चालायचा नाही. "गाडीला मी पाणी पाजणार. तुम्हा लोकांना अक्कल नाही." गॅरेजची मालकीण, जिला सगळे मावशी म्हणतात, तिने दहादा बजावलं होतं, "बाबा, नुसतं पाणी नको, कूलंट घाल. त्याने आत थर धरत नाही." पण ऐकेल तर शपथ! "रंगीत पाणी विकायचे धंदे सगळे," म्हणत तो बोअरचं पाणी ओतायचा. त्याच पाण्याने घरची किटली आतून पांढरी झाली म्हणून बायकोवर कसा ओरडलो, हे तोच स्टँडवर फुशारकीने सांगायचा. माझ्यावर तेच पाणी तो स्वतःच्या हाताने ओततोय, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

तीन वर्षं तो पांढरा थर माझ्या दांड्यावर चढत गेला. मी उशिरा उघडू लागलो, मग अर्धाच.

धाकट्याच्या ते लक्षात आलं. एकदा तो धीर करून म्हणाला, "दादा, परवापासून तापमानाचा काटा वर जातोय. इंजिन तापतं, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप गारच लागतो. मावशींना दाखवू या ना."

"काटा चढत नाही, तू चढवतोस! गिअर ओढत बसतोस, आणि मला शिकवतो?" पाठोपाठ चापटीचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दोघांना टेकडीपलीकडे आत्याला आणायला जायचं होतं. थोरला म्हणाला, "तू चालव. काटा कसा चढतो ते मी बघतो."

चढणीच्या मध्यावर माझा दांडा पुरता आवळला. मेण आतून जीव खाऊन रेटत होतं, पण दांडा तसूभर हलेना. माझ्यामागे पाणी उकळू लागलं, भिंतींवर धडका मारू लागलं. इंजिन ठणाठणा ठोके टाकायला लागलं. मला फुटून जावंसं वाटत होतं, आणि फुटताही येत नव्हतं.

गाडी आचके देत थांबली. थोरल्याने धाकट्याची गचांडी धरून त्याला खाली ओढलं. माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी आपटलं. ते धाकट्याचं डोकं होतं, हे नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"जाळलंस इंजिन! वाटोळं केलंस गाडीचं!" एक फटका, दुसरा, तिसरा. मग बोनेट उघडलं. "सरक, पाणी ओततो."

"दादा, झाकण नको! अर्धा तास थांब, भाजशील!"

"मला शिकवू नकोस!"

झाकणावर फडकं पडलं. झाकण अर्धं फिरलं आणि त्याच क्षणी धाकट्याने थोरल्याला दोन्ही हातांनी ढकललं. जन्मात पहिल्यांदा त्याने दादाच्या अंगाला हात लावला. थोरला पडला. झाकण उडालं. मी कोंडलेलं सगळं उकळतं पाणी भसकन वर गेलं आणि धाकट्याच्या मानेवर, गालावर, डाव्या डोळ्यावर पडलं. ती किंकाळी मी विसरू शकत नाही.

भावाला दवाखान्यात ठेवून थोरला गॅरेजमध्ये आला, तेव्हा मावशी छिन्नी-हातोड्याने माझे गंजलेले बोल्ट फोडत होती. किती वर्षांनी उजेड पाहिला मी!

"त्यानेच इंजिन जाळलं ना, मावशी? सांगा तुम्ही," थोरला म्हणाला. त्याला कुणीतरी गुन्हेगार हवाच होता.

मावशीने हातोडा खाली ठेवला. तिने स्टोव्हवर पातेलं ठेवलं. बुडाला टेकू नये म्हणून मला दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडलं, शेजारी नवाकोरा थर्मोस्टॅट सोडला आणि पाण्यात तापमापक धरला. ब्याऐंशीला नवा टचकन उघडला. पाणी खळखळा उकळलं, तरी मी बंदच. लाज वाटली हो मला.

मावशीने मला चिमट्याने काढलं, दांड्यावरून नख ओढलं. पांढरी भुकटी खाली पडली.

"ओळखलास? तुझ्या किटलीतलाच थर आहे. गाडीत पाणी कोण भरतं?"

थोरल्याने मला ऐरणीवर ठेवलं आणि हातोडा उचलला.

"मार की," मावशी म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवयच आहे तुला."

हातोडा माझ्यावर नाही, माझ्या शेजारी पडला. पुन्हा पडला. हातोड्याचा दांडा मोडेपर्यंत तो ऐरण बडवत राहिला. मग खाली बसून ढसाढसा रडला.

मला शर्टाच्या खिशात घालून तो दवाखान्यात गेला आणि मला धाकट्याच्या तळहातावर ठेवलं. "हा अडकला होता. पाणी मी भरलं होतं. तुझी काही चूक नव्हती रे."

धाकटा मला अंगठ्याने चाचपत राहिला. त्याची उशी घसरली होती. ती सरळ करायला थोरल्याने हात वर केला. आणि धाकट्याची मान, सगळ्या पट्ट्यांसकट, खांद्यात गेली. मार चुकवायला.

थोरल्याचा हात तसाच हवेत राहिला. अंगावर उकळतं पाणी पडलं असतं तरी तो इतका भाजला नसता.

आता माझ्या जागी नवा बसलाय आणि त्याला कूलंट मिळतं. मी गाडीच्या डॅशबोर्डवर असतो, निकामी. धाकट्याला त्या डोळ्याने धुरकट दिसतं, त्यामुळे टॅक्सी थोरला एकटाच चालवतो. धाकटा शेजारी बसतो आणि काट्यावर नजर ठेवतो.

तुम्हाला एवढंच सांगतो. काटा वर जातोय असं कुणी म्हणालं तर ऐका. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडू नका. आणि हात उचलण्याआधी, काय अडकलंय ते तरी बघा!

हल्ली थोरला आरसा हलवायचा असला तरी आधी मोठ्याने म्हणतो, "आरसा सरळ करतोय हं." मगच हात वर करतो. तरी धाकट्याची मान आत जातेच. काल मात्र जरा कमी गेली. मी बघितलं. आता मला दिसतं ना.