वीस दोलनं

साक्षीने खोक्यातले गोळे टेबलावर ओतले आणि मोजून पुन्हा आत ठेवले. पितळी सात, लोखंडी चार, त्यातल्या एकाचा हुक तुटलेला. स्टॉपवॉच सहा, चालणारी पाच. मीटरपट्ट्या नऊ. आणि प्रयोगशाळेत माणसं तीन: ती स्वतः, खिडकीपाशी मोबाइल बघत बसलेला शार्दूल, आणि टांगलेल्या लंबकासमोर उभा असलेला धम्मरत्न.

"एक हजार पंच्याऐंशी," धम्मरत्न म्हणाला. "परत तेच."

लंबकाच्या दोलनांच्या वेळेवरून गुरुत्वीय त्वरण काढायचं होतं, आणि सेंटिमीटरमध्ये ते यायला हवं होतं नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. पुण्यात काय आणि चाकणमध्ये काय, ते तेवढंच असतं.

साक्षी तिसऱ्या वर्षाला होती. 'कमवा आणि शिका' योजनेतून ती दुपारी प्रयोगशाळा सांभाळायची आणि पहिल्या वर्षाच्या अडलेल्या मुलांना मदत करायची. धम्मरत्न तिच्याहून वयाने मोठा. बारावीनंतर तो भोसरीत मामाच्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता, तिथून पुन्हा कॉलेजात आलेला. या प्रॅक्टिकलमध्ये तो दोनदा नापास झाला होता. शनिवारी तिसरी आणि शेवटची संधी. ती गेली तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. मामाने सोमवारपासूनच्या पूर्ण शिफ्टला त्याचं नाव लावूनही ठेवलं होतं.

"भावा, सगळं कॉलेज उलटं करतं," शार्दूल मान वर न करता म्हणाला. "आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून उलटा हिशोब करून दोलनांचा वेळ लिहायचा. तू एकटाच गोळा हलवत बसतोस राव."

"मागच्या खेपेला तेच केलं होतं. परीक्षक म्हणाले, आता माझ्यासमोर एकदा घेऊन दाखव. तिथंच आपटलो." धम्मरत्नने स्टॉपवॉच साक्षीपुढे धरलं. "मॅडम, हे बदलून द्या."

मॅडम तो निम्मं थट्टेत म्हणायचा.

"हे तिसरं आहे. घड्याळात काही नाही."

"मग पट्टीत असेल."

साक्षीने स्वतः पट्टी लावून बघितली. वरच्या गाठीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर शंभर सेंटिमीटर.

"आणखी एकदा घे," ती म्हणाली. "मोठ्याने मोज."

त्याने गोळा बाजूला ओढून सोडला आणि त्याच क्षणी बटण दाबलं. "एक." गोळा पलीकडे जाऊन परत आला. "दोन."

साक्षीला चूक तिथेच कळली. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण काम सुरू करताना प्रयोगशाळेच्या नंदकिशोर सरांनी तिला एवढंच बजावलं होतं: उत्तर सांगितलंस तर त्यांना तेवढं एकच उत्तर येतं, तू प्रश्न विचारायचे. शिवाय शनिवारी ती त्याच्या शेजारी उभी नसणार होती. तिने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"वीस." त्याने घड्याळ थांबवलं. "अडतीस पूर्णांक एक. म्हणजे एका दोलनाला एक पूर्णांक नऊ सेकंद."

"आता फक्त पाच दोलनांचा वेळ घे."

"परीक्षेत वीसच घ्यायची असतात."

"घे तर."

पाच दोलनांना आठ सेकंद लागले. त्याने भागाकार केला आणि दोन्ही आकड्यांकडे बघत राहिला.

"एक पूर्णांक सहा? कमी कसं झालं? दोरी तीच आहे."

"दोनचा घे."

दोनला दोन सेकंद. म्हणजे एका दोलनाला एकच सेकंद.

शार्दूलने मोबाइल खाली ठेवला. "भावा, तुझी पृथ्वी जड होत चाललीय."

"आता एकाच दोलनाचा," साक्षी म्हणाली.

धम्मरत्नने गोळा सोडला, बटण दाबलं, "एक" म्हणाला. अंगठा तिथेच राहिला. एक म्हणून झालं होतं आणि गोळा अजून पलीकडच्या टोकालाही पोचला नव्हता. तो पोचला, परत आला, पुन्हा गेला. घड्याळ चालूच राहिलं.

"मी वीस म्हणतो तेव्हा एकोणीसच झालेली असतात," तो सावकाश म्हणाला.

त्याने चालू घड्याळ बंद केलं.

"प्रेसवर पीस आत ठेवला की एक म्हणायचं आणि मग हात बाहेर काढायचा. मामाने शिकवलंय. तिथं ठेवलेला पीस म्हणजे एक. इथं तो एक अजून व्हायचा असतो."

"मग सोडताना काय म्हणशील?"

"शून्य."

त्याने गोळा सोडला. "एक," तोंडातून निघून गेलं. त्याने गोळा हाताने थांबवला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"जीभ ऐकत नाही."

"परत," साक्षी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

शार्दूल निघून गेला. वऱ्हांड्यातली गर्दी ओसरली. धम्मरत्न गोळा सोडत होता, चुकलं की थांबवत होता. हळूहळू थांबवणं कमी झालं. कुलपं लावणाऱ्या शिपाई कुसुमताई किल्ल्या वाजवत दारात आल्या.

"चला पोरांनो, माझी निगडीची बस चुकंल."

"पाचच मिनिटं, ताई," साक्षी म्हणाली.

"तुजी पाच मिनिटं म्हायती हायेत मला." तरी त्या दाराशी टेकून उभ्या राहिल्या.

शेवटचं उत्तर नऊशे अडुसष्ट आलं. धम्मरत्नचा चेहरा उतरला. "अजून दहा कमी. थोडं वर ढकलू का?"

"तुझा अंगठा दर वेळी अगदी वेळेवर पडतो?"

"नाही."

"किती मागेपुढे होतो?"

त्याने बटणावरच्या अंगठ्याकडे बघितलं. कुसुमताईंनी पंखे बंद केले.

शनिवारी साक्षीचं काम साहित्य देणं आणि दाराशी उभं राहणं. परीक्षार्थींशी बोलायचं नव्हतं. या खेपेला बाहेरून आलेल्या परीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या. टेबलं बघत त्या धम्मरत्नपाशी थांबल्या.

"बाकी सगळ्यांचं नऊशे अठ्ठ्याहत्तर. तुझं हे काय?"

"माझं एवढंच येतंय, मॅडम."

"घेऊन दाखव."

त्याने गोळा ओढला. दारापासून त्याचं मोजणं ऐकू येत नव्हतं. फक्त ओठ हलताना दिसत होते. साक्षी मनात मोजत राहिली. तिचं वीस झालं तेव्हा त्याचा अंगठा खाली आला.

परीक्षकांनी स्वतःच्या कॅलक्युलेटरवर आकडे घातले आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. धम्मरत्नने अंगठा वर धरून दाखवला, मग घड्याळ पाच-सहा वेळा नुसतंच चालू-बंद करून अंगठा किती मागेपुढे पडतो ते टिपलं आणि बराच वेळ लिहीत राहिला. त्यांनी कागद ओढून घेतला, शेवटपर्यंत वाचला, सही केली.

"दुसऱ्या वर्षाला हाच प्रयोग लांब दोरीवर असतो," जाता जाता त्या म्हणाल्या. "तिथं ही चूक कमी करून बघ."

सगळे गेल्यावर साक्षीने घड्याळं गोळा केली. परीक्षकांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात धम्मरत्नचा कागद वरच होता; सहीच्या वरच्या ओळीत त्याने लिहिलं होतं: नऊशे बहात्तर, अधिक-उणे अकरा.